विंधनयंत्राच्या जॅकची भक्कम जोडणी



पाथरी तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणीही या भागाला लाभले आहे. तथापि, नदी आणि कालवा यांपासून दूर असलेल्या वस्त्यांची उन्हाळ्यातील तहान बव्हंशी भूगर्भातील पाण्यावरच भागते. १९७२ च्या दुष्काळाने ही गोष्ट मराठवाड्याला कायमची शिकविली. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली आणि कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याच्या कामाला गती आली. त्या काळी जालन्याच्या हातपंपाने जो मार्ग दाखविला, तो पुढे ‘इंडिया मार्क दोन’ या देशभर पोहोचलेल्या पंपाच्या घडणीत उपयोगी पडला.

विंधन विहीर खोदणारे यंत्र, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘बोअरची गाडी’, गावात आली की आबालवृद्ध भोवती गोळा होतात. सर्वांचे लक्ष उंच मनोऱ्याकडे आणि भोकातून उडणाऱ्या भुकटीकडे असते. पण त्या साऱ्या कामाचा भार ज्यांवर असतो, त्या गाडीच्या जॅककडे क्वचितच कोणी पाहतो. हे तीन किंवा चार लोखंडी पाय नीट बसविलेले नसतील, तर विहीर वाकडी जाते आणि माणसांच्या जिवावरही बेतते.

विहीर वाकडी जाते म्हणजे काय, ते पाहू. मनोरा ओळंब्यापासून केवळ एक अंश कलला आणि भोक त्याच दिशेने गेले, तर ६० मीटर खोलीवर ते सुमारे एक मीटर बाजूला सरकते. अशा भोकात केसिंगचे नळ अडकतात, पंपाच्या दांड्या घासून लवकर झिजतात आणि गावाने मोठ्या आशेने घेतलेली विहीर दुरुस्तीच्या खर्चाचे कारण होऊन बसते.

आता जोडणीकडे वळू. मालमोटारीची चासिस म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. गाडीवर भार आला की तुळईच्या वरच्या व खालच्या पट्टीवर सर्वांत अधिक ताण येतो आणि उभ्या भिंतीच्या मध्याजवळ तो सर्वांत कमी असतो. म्हणून जॅकचा कंस बसविताना वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोक पाडू नये. भोके उभ्या भिंतीतच, परस्परांपासून पुरेशा अंतरावर घ्यावीत. तत्पूर्वी आतल्या बाजूच्या ब्रेकच्या नळ्या व विजेच्या तारा पाहून घ्याव्यात. कंस शक्यतो आडव्या तुकड्याजवळ यावा आणि आतून जाड पत्रा द्यावा, म्हणजे भार एका जागी न एकवटता पसरतो.

तुळईवर सरसकट वेल्डिंग करण्याची सवय घातक आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा मूळ गुण बदलतो आणि पुढे नेमकी त्याच कडेला तडा जातो. वाहन बनविणाऱ्या कारखान्याच्या सूचना पाहून उच्च ताकदीचे बोल्ट वापरणे श्रेयस्कर. बोल्ट सैल राहिला तर कंस हलतो आणि भोक लंबगोल होते. जाड रंगावर आवळलेला बोल्ट रंग दबल्यावर ढिला पडतो. म्हणून बसती जागा स्वच्छ करावी आणि गाडी काही दिवस चालल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. द्रवदाबावर चालणाऱ्या जॅकला सिलिंडरवरच कुलूप-झडप असावी, म्हणजे नळी फुटली तरी जॅक एकाएकी खाली बसत नाही. वाहनात असा बदल करताना, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार, परिवहन कार्यालयाची मान्यता घेणे आवश्यक आहे.

चासिस कितीही भक्कम असली, तरी शेवटी भार पेलते ती जमीन. पाथरीच्या परिसरातील काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि भिजली की फुगून मऊ होते. गाडी १८ टनांची धरली, तर चार जॅकपैकी प्रत्येकावर सरासरी साडेचार टन भार येतो. ३० सेंटिमीटर चौरस तबकडीखाली तो दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो होतो. तबकडीखाली ९० सेंटिमीटर चौरसाची जाड, न वाकणारी लाकडी बैठक घातली, तर तोच दाब सुमारे अर्ध्या किलोवर येतो. अडकलेल्या दांड्या ओढून काढताना भोकाजवळच्या जॅकवर याहून कितीतरी अधिक जोर पडतो, हेही ध्यानी ठेवावे.

अनेक गाड्यांचा हातब्रेक मागील चाकांवरच चालतो. ती चाके जॅकने उचलली गेली की ब्रेकचा आधार संपतो. म्हणून आधी पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. मग वर विजेच्या तारा नाहीत याची खात्री करावी, जॅक खाली सोडावेत आणि पाणसळ लांबीला व रुंदीला धरून गाडी समतल करावी. त्यानंतरच मनोरा उभारावा. काही दांड्या खाली गेल्यावर पाणसळ पुन्हा लावावी, कारण भोकातून येणाऱ्या पाण्याने बैठकीखालची माती खचू शकते. काम संपल्यावर प्रथम मनोरा आडवा करावा, नंतर जॅक उचलावेत आणि ते पूर्ण वर गेल्याचे गाडीभोवती फिरून डोळ्यांनी पाहावे.

या साऱ्याला फार तर अर्धा तास अधिक लागतो. ज्या माउलीच्या डोक्यावरचा हंडा उतरावा म्हणून विहीर खोदली जाते, तिच्या कित्येक वर्षांच्या पायपिटीपुढे हा अर्धा तास काहीच नाही. गाडीवर राबणारा कामगारही संध्याकाळी सुखरूप घरी परतला पाहिजे. पाणी खडकाच्या भेगांत असते. ते लागेल की नाही, हे कोणाच्या हाती नसते. गाडीचे पाय भक्कम ठेवणे मात्र सर्वस्वी माणसाच्याच हाती आहे.