बंद पडलेला बॅटरी पॅक

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादे बिनवायरीचे ड्रिल पडलेले असेल. वडील किंवा चाचा आखातात कामाला होते, सुटीवर येताना त्यांनी ते हौसेने आणले. दोन-तीन वर्षे त्याने चांगले काम दिले. मग एके दिवशी चार्जरचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि ड्रिल माळ्यावर गेले. मोटर शाबूत, गिअर शाबूत. गेला तो फक्त खालचा बॅटरी पॅक. नवा पॅक घ्यावा तर त्याची किंमत बऱ्याचदा ड्रिलच्या जवळपास जाते. आखातात किंवा इथे सुतारकाम, वायरिंग, अॅल्युमिनियमच्या खिडक्या अशी कामे करणाऱ्यांची तर रोजची भाकरी या पॅकवर असते. हा पॅक पुन्हा उभा करता येतो का, आणि कधी करू नये, हा आजचा विषय. ज्यांना विजेचे काम येत नाही त्यांनीही तो ऐकावा, कारण पॅक चार्जिंगला लागतो तो घरातच, पुष्कळदा मुले झोपतात त्याच खोलीत.

थोडा इतिहास सांगतो. बॅटरीवर चालणारे पहिले ड्रिल ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने १९६१ साली बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. असा एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे १२ व्होल्टसाठी दहा सेल एकापुढे एक जोडावे लागत. लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ मध्ये विक्रीस आणला. ज्यांच्या संशोधनावर तो उभा आहे, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅडमियम विषारी असल्याने युरोपात हत्यारांच्या बॅटरीतूनही २०१६ अखेर त्याला रजा देण्यात आली. आज आपल्या हाती येणारा पॅक बहुधा लिथियमचाच असतो. माळ्यावरचा जुना पॅक कॅडमियमचा असला तर तो फोडू नका, एवढेच त्याविषयी सांगतो.

आता पॅकच्या आत काय असते ते पाहू. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पॅक मोठा असेल तर दोन-दोन सेलच्या पाच जोड्या, म्हणजे दहा सेल. पाच सेल पूर्ण भरले की २१ व्होल्टपर्यंत जातात, म्हणून काही कंपन्या याच पॅकवर २० व्होल्ट मॅक्स असे छापतात. तेवढ्यावर भुलून जाऊ नये. पुष्कळ पॅकमधल्या सेलला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. सेलबरोबर एक छोटे सर्किट असते. ते सेलच्या व्होल्टेजवर आणि तापमानावर नजर ठेवते आणि काही चुकीचे दिसले तर चार्जिंग थांबवते. लाल दिवा लुकलुकतो तो पुष्कळदा याच कारणाने. म्हणजे दिवा लुकलुकणे हा त्या सर्किटने घातलेला आवाज आहे. तो दाबून टाकण्याआधी आत काय बिघडले हे पाहिले पाहिजे.

पाहायचे कसे? साध्या मल्टीमीटरने. पॅकचे स्क्रू बहुधा चांदणीच्या खाचेचे असतात, त्यासाठी तशी पिन लागते. हातातले घड्याळ आणि अंगठी आधी काढून ठेवावी. सेलच्या धन टोकाची टोपी आणि तिच्या कडेचा ऋण पत्रा यांत जेमतेम एखाद-दोन मिलिमीटरचे अंतर असते. तिथे अंगठी टेकली तर ती क्षणात लाल होते. मग प्रत्येक सेलचे किंवा जोडीचे व्होल्टेज वेगवेगळे मोजून कागदावर लिहावे. समजा चार ठिकाणी ३.८ आले आणि पाचव्या ठिकाणी ३.१. पॅक मेला नाही, त्याचा तोल गेला आहे. पाचही सेल एकाच साखळीत असल्याने सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो, आणि मागे पडलेला एक सेल साऱ्यांना थांबवतो. त्या एकाच सेलला ४.२ व्होल्टच्या मर्यादेवर नेमलेल्या पॉवर सप्लायने, कमी प्रवाहाने, इतरांच्या बरोबरीला आणावे. पॅक दोन आठवडे नुसता ठेवावा आणि पुन्हा मोजावे. आकडे सारखे राहिले तर एक पैसाही न घालता काम झाले. तोच सेल पुन्हा खाली घसरला तर तो आतून झिरपतो आहे असे समजावे.

पण पाचवा आकडा २ व्होल्टच्या खाली असेल, आणि पॅक महिनोन् महिने तसाच पडून असेल, तर त्या सेलला जीव देण्याचा प्रयत्न करू नका. इतक्या खाली गेलेल्या सेलमधला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलतीकडे जमते आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. बाजारात एक झटपट युक्ती चालते: दुसऱ्या बॅटरीच्या वायरी दोन मिनिटे लावून मेलेला पॅक ‘उठवायचा’. चार्जर फसतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. दुकानात पॅक चालतो, आणि पुढचे काय ते त्या माणसाच्या घरी घडते. या युक्तीला मी कारागिरी म्हणत नाही.

आता नवे सेल घालण्याविषयी. एकच सेल खराब असेल तर एकच बदलावा का, असे मला नेहमी विचारतात. माझे मत स्पष्ट आहे: पाचही बदलावे. चार थकलेल्या बैलांबरोबर एक ताजा बैल जुंपला तर गाडी थकलेल्यांच्याच चालीने जाते. काही महिन्यांत दुसरा सेल जातो आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहते.

सेल घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ड्रिल लाकडात अडले की २०-३० अँपिअर प्रवाह सहज ओढते. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल अशा ओढीसाठी बनवलेलेच नसतात. ते तापतात आणि लवकर बसतात. तेव्हा जास्त प्रवाहाचा सेल मागावा, सगळे एकाच कंपनीचे, एकाच जातीचे आणि नवे. दुसरी गोष्ट आकड्यांची. या आकाराच्या बहुतेक सेलमध्ये आज सुमारे ३५०० मिलिअँपिअर-तासांपेक्षा जास्त क्षमता नसते. ज्या सेलवर ९९०० छापले आहे, तो विकणारा खोटे बोलतो आहे, मग दुकान कितीही झगमगीत असो.

जोडणी स्पॉट वेल्डरने आणि निकेलच्या पट्टीने करावी. कथिलाचा डाग थेट सेलवर मारू नये. सेलच्या आत दोन पत्र्यांना अलग ठेवणारा प्लॅस्टिकचा पडदा असतो, आणि त्यातले पॉलिथिलीन सुमारे १३० अंशांना वितळते. सोल्डरिंगचे टोक त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते. पट्टीतही फसवणूक चालते, लोखंडावर निकेलचा मुलामा देऊन विकतात. तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवा, गंज चढला तर लोखंड. धन टोकावरची कागदी चकती जिथल्या तिथे हवी. जोडीने लावायचे सेल आधी सारख्या व्होल्टेजवर आणावेत. सर्किट जसेच्या तसे परत जोडावे, ते गाळून पॅक थेट जोडू नये. काही कंपन्यांचे सर्किट एकदा कुलूपबंद झाले की नवे सेल घालूनही उघडत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला आधीच सांगून पैसे परत करावेत, पण सर्किट तोडू नये. पहिले चार्जिंग उघड्यावर, फरशीवर आणि नजरेसमोर करावे.

विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगतो, नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला विजेचा धडा आणि हे काम यांत फार अंतर नाही. एकसर जोडणी, समांतर जोडणी, रोध, उष्णता हे सारे त्यात आहे. आयटीआयला जाणाऱ्या मुलाने बंद पडलेला पॅक गुरुजींसमोर उघडावा, प्रत्येक सेलची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजून वहीत तारखेसह लिहावा. सुरुवातीचे सहा महिने घरी कुणाचेही पैसे घेऊन काम करू नये. पालकांनीही ‘मुलगा हुशार आहे, मोबाईल उघडतो’ एवढ्यावर त्याच्या हाती लिथियमचे सेल देऊ नयेत.

पॅकमधून कधी धूर किंवा फुसफुस आली तर धूर श्वासात घेऊ नका, तो विषारी असतो. माणसांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन लावा. काढलेले जुने सेल टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात, कोरड्या वाळूत, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावेत. ते घंटागाडीत टाकू नयेत, कचरा दाबताना पेट घेतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जिथे नवे सेल घ्याल तिथेच जुने परत घेता का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.