घरकुलाचा हप्ता आणि उसाचा हंगाम



स्वस्त घरांसाठी राज्यभरच्या परिषदा भरतात, त्यांत बोलणे बहुधा मुंबई-पुण्याच्या सदनिकांचे होते. आम्ही मात्र येथे सोनपेठच्या घरकुलांविषयी बोलणार आहोत. 2016 साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात सुरू झाली आणि सपाट प्रदेशातील मदत 70 हजारांवरून 1 लाख 20 हजार रुपयांवर गेली. घर किमान 25 चौरस मीटरांचे असावे. पैसा हप्त्यांनी, काम वर येईल तसतसा. हिशेब चोख खरा! पण आपल्या काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, अन् बराच पैसा जमिनीतच जातो. त्यातून दिवाळीच्या सुमारास, बांधकामाचे दिवस येतात तोच, उचल घेतलेले जोडपे ऊसतोडीला निघते. नवराबायको मिळून एक कोयता! अर्धी भिंत पाहायला घरी उरते म्हातारी. मार्च-एप्रिलात माणसे परततात, तेव्हा पाण्याची ओढ आणि पुढे मृग. परिषदेला ठराव करावयाचाच असेल तर आमचे एवढेच मागणे आहे: मजूर फडातून परतला की आठवड्याच्या आत त्याचा हप्ता खात्यावर पडावा.