न जुळणारें श्रवणयंत्र



खुलताबादेस आमच्या घरीं गेल्या महिन्यांत एक लहानसा अनर्थ झाला. तीर्थरूपांची दृष्टि गेल्यापासून संगणकच त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवितो, व तें ते बिनतारी श्रवणयंत्रानें ऐकतात. मीं संगणकावर लिनक्स नव्यानें बसविलें मात्र, आणि त्यांचें वाचन बंद पडलें!

हा बिनतारी संबंध जुळविणारी विद्या म्हणजे ब्लूटूथ. दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचें हें उपनाम. औरंगजेबाच्या कबरीच्या गांवांत आणखी एका राजाशीं गांठ पडली म्हणावयाची.

प्रथम 'आरएफकिल' ही आज्ञा देऊन पाहिली. ब्लूटूथ अडविलेलें नव्हतें. त्याची सेवाही चालू होती. यंत्र दिसे, परंतु जोडणी नाकारली जाई. दोन दिवस मीं ध्वनीच्या मांडणींत व्यर्थ खटपट केली.

मर्म निराळेंच होतें. प्रथम जुळतांना दोन्ही यंत्रें एक गुप्त किल्ली ठरवून आपापल्यापाशीं ठेवतात. संगणकावरील किल्ली नव्या मांडणींत मींच पुसली होती. श्रवणयंत्र मात्र जुनीच धरून बसलें होतें. त्याची कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरली, मग 'ब्लूटूथसीटीएल'मध्यें क्रमानें 'पेअर', 'ट्रस्ट', 'कनेक्ट' या आज्ञा दिल्या. यांतील 'ट्रस्ट' पुष्कळजण गाळतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच रड!

आवाज येतांच तीर्थरूप म्हणाले, "तीन दिवसांचे अंक राहिले आहेत रे." सायंकाळपर्यंत ते तेच ऐकत बसले होते.