आधी पाहणी, मग पवनचक्की



साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे.
वर पवनचक्क्या फिरतात.
खाली कातळावर सरडे ऊन खात बसतात.
नराच्या गळ्याशी निळा, काळा, केशरी पंखा उलगडतो.
बघतच राहावं!

2018 साली इथला एक अभ्यास प्रसिद्ध झाला.
पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी दिसले.
सरडे मात्र वाढले होते.
माणूस जवळ गेला, तरी ते लवकर पळत नव्हते.

पातं फिरतं आभाळात.
परिणाम उतरतो कातळावर.

म्हणून पवनचक्की उभारायची, तर तिथल्या जिवांची पाहणी आधी हवी.

पण 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत आधी पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत पवनऊर्जा नाही, म्हणून तिथे अशी पाहणी सक्तीची नाही.
ही उणीव मला फार खुपते.

पुन्हा सांगते, पाहणी आधी हवी.
आणि तीही वर्षभराची.
पावसाळ्यातलं पठार वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं.