मुलांचा स्वभाव आणि देवाची ओढ

(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार आपण सर्वांनी मिळून पुरा केला. खर्चाचा हिशेब समितीने मांडलाच आहे. पण या देवळात पुढे दिवा लावणार आपली मुले. म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द बोलतो.

आपल्या तलावाची कथा घरोघरी सांगतात. लग्नाला दागिने नसले तर फुलांचे दागिने परडीत घालून पाण्यात सोडायचे. भगवतीच्या कृपेने ते सोन्याचे होऊन मिळत. कार्य उरकल्यावर परत करायचे. कोणा एकाने ते परत केले नाहीत आणि देणे बंद झाले. ही कथा ऐकून एक मूल हात जोडते, दुसरे घाबरते, तिसरे विचारते, ‘फुलांचे सोने झाले कसे?’ हात जोडणाऱ्याला आपण शाबासकी देतो आणि विचारणाऱ्याला दटावतो, ‘गप रव, देवी कोपतली!’ असा दटावलेला मुलगा उद्या चाकरीला मुंबईस गेला, की देवळाची पायरी कशाला चढेल? भीतीने जोडलेले हात भीती संपली की सुटतात.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली. विनोबांना गणिताची आवड, प्रत्येक गोष्ट पारखून घेण्याची सवय. गुरुजी आपल्या कोकणातल्या पालगडचे, अतिशय हळवे. सांगणारा एका स्वभावाचा, लिहिणारा दुसऱ्या स्वभावाचा, गीता एकच. पुढे त्याच हळव्या गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण केले. विनोबा १९५१ पासून भूदानासाठी गावोगाव पायी फिरले. हळवेपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे, आणि शंका विचारणे म्हणजे नास्तिकपणा नव्हे.

मानसशास्त्राच्या अभ्यासांतही असे आढळले आहे, की मिळून वागणाऱ्या, नेमस्त माणसांचा ओढा धर्माकडे थोडा अधिक असतो, पण थोडाच. तेव्हा स्वभाव पाहून मुलाच्या भक्तीचे भाकीत करू नये. आमच्या कचेरीत एका कामाला एकच छापील फॉर्म असतो. मुलाच्या मनाला तसा फॉर्म नाही.

लाजऱ्या मुलीला हार गुंफायला द्या. दांडगट मुलाच्या हाती भजनात टाळ द्या. भित्र्या मुलाला देवीच्या कोपाऐवजी मायेची गोष्ट सांगा. विचारणाऱ्याला तलावाच्या बांधावर न्या. १५३० साली बांधलेला हा तलाव आजही शेतीला पाणी देतो, २०२० साली जागतिक सिंचन वारशात त्याची नोंद झाली, हे सांगा. पूर्वजांनी पाणी कसे अडवले, ते त्याला शोधू द्या. आणि घेतलेली वस्तू परत करावी, हा कथेतला बोध मात्र चौघांनाही सारखाच द्या.

देवी भगवती आपल्या मुलाबाळांना सुबुद्धी देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.