बीट, डाळिंब आणि बाजरी

घरात कुणाचं रक्त कमी आहे असं कळलं, की पहिल्यांदा पिशवीत येतात बीट आणि डाळिंबं. लाल खाल्लं की रक्त वाढतं, असा आपला सरळ हिशेब! हाच सल्ला आहारतज्ज्ञ देत असतील, तर मात्र 'आधार काय?' असं जरूर विचारावं.

आधार शोधायला साधनं आहेत. भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. ऐक्रॉइड यांनी १९३७ मध्येच काढले होते. त्याच संस्थेची पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिने २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत पाहिलं, तर १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नाही. डाळिंबात तर त्याहून कमी. बाजरीत मात्र सहा मिलिग्रॅमच्या वर! डाळिंबाचा भाव आणि बाजरीचा भाव तुम्हाला ठाऊक आहेच.

पण बाजरीतलं सगळं लोह अंगी लागत नाही. धान्यातलं फायटेट ते अडवून धरतं. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असला तर लोह जास्त शोषलं जातं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. नुसता तक्ता वाचून हे कळत नाही, त्यासाठी शोषणाचे अभ्यास वाचावे लागतात.

आता गर्भवतीचं पाहा. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात तिला रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी सांगितली आहे. तेवढं लोह बाजरीतून घ्यायचं, तर दिवसाला ९०० ग्रॅमहून जास्त बाजरी लागेल! कोण खाणार? 'गोळ्या नकोत, सगळं आहारातून भरून काढू' हे ऐकायला गोड आहे, पण पोटातल्या बाळाशी तो खेळ आहे. गोळीने बाळंतपणाच्या सुमारास रक्तक्षय कमी होतो, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेनच्या आढाव्यांनी दाखवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ई-लेना' या ई-ग्रंथालयात असे पुरावे आणि शिफारशी विषयवार लावून ठेवल्या आहेत, तेही फुकट.

मात्र शिफारस वाचावी ती अटींसकट. दुष्परिणामांमुळे रोजची गोळी सोसत नसेल, तर आठवड्यातून एकदा मोठी मात्रा चालेल, असं संघटना म्हणते. पण ते कुठे? जिथे गर्भवतींमधला रक्तक्षय २० टक्क्यांहून कमी आहे तिथे. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो ५२ टक्के निघाला. म्हणजे ही सवलत आपल्यासाठी नाही. मळमळतं म्हणून गोळ्यांची पाकिटं डब्यात साठवणाऱ्या बाईला आहारतज्ज्ञाने मग हेच विचारावं, की गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता? रात्री जेवणानंतर घेऊन पाहा. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. आणि तरीही सोसली नाही, तर बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा.