कॅमकॉर्डरच्या टेप संगणकावर उतरवताना

लग्न, मुंज, बारसं टिपलेल्या कॅमकॉर्डरच्या टेप अनेकांच्या कपाटात पडून आहेत. त्या संगणकावर उतरवायला महागडी यंत्रणा लागत नाही. आधी टेपचा प्रकार ओळखावा लागतो.

१९९५मध्ये आलेली मिनी-डीव्ही टेप मुळातच डिजिटल. कॅमेरा फायरवायर केबलने जोडला, की टेपवरची माहिती जशीच्या तशी संगणकात येते. प्रोसेसरवर फारसा भार पडत नाही. त्यामुळे फायरवायर कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉपही पुरतो. जागा मात्र भरपूर हवी, तासाला सुमारे १३ जीबी. डिस्क एफएटी-३२ पद्धतीची असेल, तर फाइल ४ जीबीला, म्हणजे वीस मिनिटांच्या आतच अडते. विंडोजवर एनटीएफएस निवडा.

व्हिडिओ-८, हाय-८, व्हीएचएस-सी या टेप अ‍ॅनालॉग. त्यांना यूएसबी कॅप्चर उपकरण लागतं. आपल्याकडच्या टेपसाठी त्यात ‘पाल’ निवडा. कॅमेरा अमेरिकेतून आणलेला असेल, तर ‘एनटीएससी’.

टेप लावण्याआधी तिची रेकॉर्डिंग रोखणारी खटकी तपासा. टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी टेप चालवू नका, कॅमेऱ्याचं हेडही खराब होईल.

तासाभराच्या टेपला तासच लागतो. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि नातेवाइकांना पाठवायला लहान एमपी-४ प्रत करा. चालू कॅमेरा हाताशी आहे तोवर हे काम उरकून घ्या.